माशांसाठी नेलेलं तेल

लातूर

सात जानेवारी, सकाळचे सहा. मी पाच लिटरच्या डब्यात करडईचं तेल गाळून भरत होते. थंडीत हात आखडतात आणि तेलही जरा संथ उतरतं, म्हणून लवकर उठले होते. माझा लातुरात लाकडी घाणा आहे. गिऱ्हाइकं स्वयंपाकाला तेल नेतात, कुणी गुडघ्यांना चोळायला नेतं. हा डबा मात्र माशांसाठी होता.

हे ऐकून आमच्या गल्लीत सगळे हसले. पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या शेजारणीनं विचारलं, "मासे तेलात तळतात ते ठाऊक होतं. तेल पाजतात कधीपासून?" मी म्हटलं, परत आले की सांगते. म्हणून हे लिहिते आहे.

सुमन अकरा वर्षं माझी शेजारीण होती. तिचे मालक एस.टी.च्या वर्कशॉपात होते. ते वारल्यावर ती देगलूरजवळच्या आपल्या गावी गेली. मुलगा हैदराबादला कामाला, सून बाळंतपणानंतर गावीच. हातावर हात ठेवून बसणं सुमनला जमत नाही. गावातल्या माधवरावांच्या मोसंबीच्या बागेत प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. त्यात तिनं पावसाळ्याच्या तोंडावर रोहू आणि कटल्याची पिल्लं सोडली. तळं माधवरावांचं, मेहनत हिची, मासळी निम्मी-निम्मी, असं ठरलं होतं.

मग पाऊस आलाच नाही. मासे बोटभराचे वीतभर झाले, आणि डिसेंबरात थंडी पडल्यावर वाढायचेच थांबले. तिचा फोन आला, "ताई, मासे रुसलेत. टाकलेलं खाईनात."

माझ्याकडे मत्स्यखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब तेल न्यायला येतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, माशाचं अंग पाण्याइतकंच थंड असतं. पाणी गार झालं की त्याची भूक मंदावते, पचन मंदावतं. अशा वेळी थोडं खाऊन जास्त ताकद मिळावी म्हणून पेंडीला जरासं तेल चोळून द्यायचं, पण थंडीत न थिजणारं. करडई चालेल, जवस त्याहून बरं. मी लगेच एक बाटली कंडक्टरच्या हाती पाठवली आणि सुमनला फोनवर सांगितलं, "थंडीत त्यांच्या खाण्यात स्निग्ध काहीतरी हवं. किलोभर पेंडीला दोन पळ्या, बस्स."

आठ दिवसांनी पुन्हा फोन. आता मासे दिसेनासेच झाले होते, आणि माधवराव म्हणत होते की मासे मेलेच असतील तर पाणी कशाला अडवून ठेवायचं. येळवस झाली की मोटर लावतो आणि तळं मोसंबीला सोडतो. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. ती नऊ तारखेला होती. माझ्या सांगण्यावरून तेल दिलं आणि मासे गेले, हे मला ऐकवेना. मी घाणा चार दिवस बंद ठेवला आणि निघाले.

उदगीरवरून देगलूर

प्रवासातली पहिली कमाई म्हणजे सांडलेलं तेल. डब्याच्या झाकणाखाली मी पॉलिथिन लावलं होतं, तरी नळेगावच्या खड्ड्यांनी ते फाडलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांची घोंगडी खाली ठेवलेली होती. तिचा एक कोपरा पिवळा झाला. मी माफी मागितली.

"राहू द्या बाई," ते घोंगडी हुंगत म्हणाले. "वास चोख हाय. घरी गेल्यावर म्हातारीला सांगतो, लातूरची बाई भेटली आन तेल लावून गेली."

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, असं सांगितलं तर आजी घोंगडीसकट बाहेर काढल."

उदगीरला बस थांबली तेव्हा गाडीत नव्या जिल्ह्याची चर्चा रंगली होती. उदगीर जिल्हा होणार, कोणतं गाव आत येणार, कोणतं बाहेर राहणार. दोन माणसं आपापली गावं नव्या जिल्ह्यात घालत होती आणि एकमेकांची बाहेर काढत होती. तिसरा कलेक्टर कचेरीच्या कामासाठी नांदेडला जाऊन येण्यात आख्खा दिवस जातो म्हणून जिल्ह्याच्या बाजूचा होता. घोंगडीवाल्या आजोबांनी शेवटी विचारलं, "नव्या जिल्ह्याला नळ जुनाच राहणार का?" चर्चा बस सुटल्यावर संपली.

देगलूरला उतरले तेव्हा दीड वाजला होता. स्टँडजवळच्या खानावळीत मालकीण दारातच तेलुगूत म्हणाली, "रा अक्का, कूर्चो," मग माझ्या लुगड्याकडे बघून, "बसा, बसा." मागच्या टेबलावर ती कानडीत कुणाला तरी झापत होती. लातुरात जेवायला बसलं की आधी भाकरी येते. इथं आधी भात आला, त्यावर चिंचेचं पातळ आंबट-तिखट कालवण. डोळ्यांतून पाणी आलं, पण भात संपला. पाण्याचा जग टेबलावर नव्हता. ग्लास मागितला की ती स्वतः ओतून द्यायची आणि जग परत आत. दुष्काळात ही चाल मला पसंत पडली.

सुमनचं गाव

सुमननं दारात अर्धा तांब्या पाणी दिलं. एरवी पाहुण्याला बादली ठेवायची रीत. मी दोन्ही पायांवर ओंजळभर पाणी घेतलं आणि उरलेलं तुळतुळीत घासलेल्या तांब्यातच परत दिलं. तिला ते आवडलं. घर दोन खोल्यांचं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली सून प्रज्ञा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. घरात हळीव आणि डिंकाचा वास होता.

"बाटली संपली का गं?" मी विचारलं.

सुमन चुलीकडे वळली. प्रज्ञा हसायला लागली. "मावशी, तुमची बाटली ती काय, कोनाड्यात. झाकण सुदिक उघडलं न्हाई."

"मग पेंडीला काय चोळलं?"

"माझं तूप!" प्रज्ञा सासूकडे बोट करत म्हणाली. "माझ्या आईनं सव्वा महिन्यासाठी म्हशीचं तूप पाठवलं होतं. आत्यांनी माशांना खाऊ घातलं. मी विचारलं तर म्हणल्या, तुला एकच लेकरू हाय, माझी हजारभर हायेत."

सुमन तोंड फिरवूनच म्हणाली, "करडईचं तेल रोजच्या भाजीचं. लेकरं आजारी पडली तर रोजचंच द्यायचं का? बाळंतिणीला थंडीत तूप देतो, तसं द्यावं म्हणलं. तुम्हीच म्हणाल्या ना, स्निग्ध."

चूक अर्धी माझी होती. मी 'तेल' पाठवलं, पण तेलच का, हे सांगितलं नव्हतं. मी कोनाड्यातली बाटली आणि तुपाचा डबा दोन्ही ओट्यावर ठेवले. डबा उलटा धरला. तूप दगड झालं होतं, हललं नाही. बाटली वाकडी केली, तेल वाहिलं.

"माशाच्या पोटात चूल नाही सुमन," मी म्हटलं. "तुझ्या सुनेच्या पोटात तूप वितळतं. त्याच्या पोटात ते असंच राहणार."

सुमननं डबा घेऊन स्वतः उलटा धरून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे मीच उपाशी मारलं की त्यांला."

"अजून मेलेले दिसले का एखादे?"

"न्हाई."

"मग चल, तळ्यावर."

तळं

ऊन कलत होतं. तळ्यात दीड परस पाणी उरलं होतं. आमच्याकडे विहिरी आणि तळी अजून परसानं मोजतात, हात वर केलेल्या माणसाइतकं ते एक परस. कडेला पाण्यावर तुपाचे पांढरे कण जमले होते, साबुदाण्यासारखे. त्याखाली न खाल्लेली पेंड फुगून वास मारत होती. तळ्याभोवती मोसंबीची झाडं उभी होती, पानं वळलेली. माधवरावांचंही खोटं नव्हतं. सात वर्षं वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत वाळताना माणूस तळ्याकडे बघणारच.

"खायला कधी टाकतेस?"

"सकाळी सहाला. उठल्या उठल्या. भूक लागत असल ना रातभर."

मी हात पाण्यात घातला आणि लगेच काढला. सकाळी सहाला तर ते याहून गार असणार.

दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, आम्ही काही खायला टाकलं नाही. तळं साफ केलं. सुमनची जुनी सुती साडी दोघींनी दोन काठांवर धरली आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत नेली, जशी दुधावरची साय काढतो. साडीवर तूप चिकटत गेलं. प्लास्टिक इतकं निसरडं की सुमन एकदा थेट गुडघ्यापर्यंत घसरली. काठाला बांधलेल्या दोराला लोंबकळत ओरडली, "ताई, मला धरा, साडी सोडा!" मी साडी सोडली नाही. तूप परत पसरलं असतं. ती स्वतःच वर आली आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तळाची पेंड लांब काठीला बांधलेल्या जाळीनं जमेल तेवढी काढली. ती मोसंबीच्या आळ्यात टाकली, निदान खत झालं.

संध्याकाळी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा ओला करून मळला. किलोला दोन पळ्या करडईचं तेल. मी घरून जवसही नेलं होतं, ते भाजून कुटून मूठभर मिसळलं. सुमनला वाटलं अजून दोन पळ्या घालाव्यात. मी पळी काढून घेतली. जास्त तेलानं मासा आतून लठ्ठ होतो, अंगानं वाढत नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. गोळे करून पोत्यावर सावलीत वाळवायला ठेवले. प्रज्ञा बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "एवढे लाड माझ्या बाळंतपणात झाले असते तर..." सुमननं एक गोळा तिच्याकडे टाकल्यासारखा केला, आणि दोघी हसल्या. सुमनचा माझ्याशी धरलेला अबोला तेव्हा सुटला.

येळवस

नऊ तारखेला गाव रिकामं होतं. दुकानं बंद, घरांना कड्या. सगळे रानात. लातुरातही या दिवशी असंच असतं, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते: शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजतात आणि दिवसभर तिथंच जेवतात. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही बोलावून वाढतात. नको म्हणायची सोय नाही.

सुमनकडे पूजा होत नाही. ती म्हणाली, "पूजा त्यांची, आंबील सगळ्यांची." मग चालता चालता म्हणाली, "माझ्या सासूला बांधावर बसवून वाढायचे. या मालनबाई लग्न होऊन आल्या, त्यांनी पहिल्याच येळवशीला मला कोपीत बसवलं. तवापासून मी दर साल येते. कुठं असले तरी."

मालनबाई म्हणजे माधवरावांच्या पत्नी. डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन त्या बागेत शिरत होत्या. मागून माधवराव. उंच, हडकुळे, पटका नवा. आल्या आल्या त्यांनी तळ्याकडे बोट केलं.

"पूजा झाली की बगू म्हणलं एकदा. हायेत का गेले. गेले असतील तर उद्या सकाळी लाईट आली की मोटर चालू."

सकाळचे साडेनऊ झाले होते. पाण्यावरून अजून धूर निघत होता. अशा पाण्यात मासा वर येणार नाही, हे मला ठाऊक होतं. येणार असला तर दुपारी दोनला, वरचं पाणी उन्हानं कोमटल्यावर. आत्ता त्यांनी बघितलं असतं तर तळं रिकामंच दिसलं असतं.

सुमननं मालनबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. मालनबाईंनी माझ्याकडे, तळ्याकडे आणि नवऱ्याकडे बघितलं. "दोन वाजेपातूर ना? आंबील माझ्या हातात हाय."

पूजा झाल्यावर त्यांनी माधवरावांना म्हटलं, "अहो, शेजारच्या कोपींवर बोलावणं करून या की. नंतर म्हणतील बोलावलं न्हाई."

माधवराव गेले. मला काय होणार ते तेव्हा कळलं. प्रत्येक कोपीवर त्यांना एक-एक वाटी आंबील प्यावी लागणार होती. ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील आणि वर ऊन, डोळे मिटणारच. बारा वाजता ते परत आले तेव्हा चाल जड झाली होती. मग जेवण. हिरव्या दाण्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत. भज्जीत दरवर्षी रानातल्या हिरव्या शेंगा असतात. यंदा रानात काही नव्हतं. मालनबाईंनी देगलूरच्या बाजारातून ओला हरभरा आणि तुरीच्या शेंगा आणल्या होत्या आणि हे कुणाला सांगायला त्यांना जड जात होतं. मी तीनदा भज्जी घेतली. मला ती खरंच आवडली, आणि आंबील आमच्यापेक्षा आंबट असूनही दोन वाट्या प्याले.

"अजून घ्या," मालनबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"आता न्हाई."

"येळवशीला न्हाई म्हणत्यात का?"

माधवराव कोपीतच आडवे झाले आणि घोरायला लागले. सुमन दर दहा मिनिटांनी तळ्यापाशी जाऊन हात पाण्यात घालून येत होती. तिच्या एकाच हाताची बाही ओली होती.

दोनला पाच मिनिटं असताना ते स्वतःच उठले. "काय केलंय आंबिलीत," ते डोळे चोळत म्हणाले. "चला, बगू तुमचे मासे."

मी चार गोळे सच्छिद्र पिशवीत घालून ती दोरानं पाण्यात अर्धी बुडवली. एक गोळा माधवरावांच्या हातात दिला. "तुम्हीच चुरून टाका."

त्यांनी टाकला. काही झालं नाही. चुरा पाण्यावर तरंगत राहिला. सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट पकडलं होतं आणि मला ते दुखत होतं. माधवरावांनी दुसरा चुरा टाकला. मोसंबीच्या झाडांकडे एकदा बघितलं.

मग पिशवीचा दोर हलला. एकदाच. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, मग लांब दुसरं. एक गोल काळं तोंड वर आलं, चुऱ्याचा एक कण घेऊन खाली गेलं. मग तीन. मग सहा-सात, सावकाश, बाजारात जाणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे, घाई न करता. पिशवी खालून ठोकरली जाऊ लागली.

"हायेत की!" माधवराव खाली बसले. त्यांनी स्वतःच हात पुढे केला, मी आणखी एक गोळा दिला. "मला वाटलं समदे मेले. तेलानं आले म्हणायचे?"

सुमननं माझं मनगट दाबलं. हो म्हण, असा तो दाब होता. मला कळला.

"नाही," मी म्हटलं. "उन्हानं आले. तेल त्यांच्या पोटात पहिल्यांदा आत्ता चाललंय. त्याचा गुण तीन आठवड्यांनी कळेल, तोही कळला तर. आज एवढंच दिसतंय की जिवंत आहेत आणि खातायत."

सुमननं हात सोडला. माधवराव मोठ्यानं हसले. "तेल इकणारी बाई तेलाचं कौतुक करीना! मालन, आईक!"

"आईकलं," मालनबाई म्हणाल्या. "बाई खरं बोलायली. आता तुम्ही बोला."

माधवरावांनी हातातला सगळा चुरा टाकला. शेवटी विचारलं, "किती पाणी लागतं यांला?"

"पाणी जितकं खोल तितकं रातचं कमी गारठतं. एक परस तरी हवं. त्याखाली गेलं की तेल घालून उपयोग नाही, तुपासारखंच होईल सगळं."

"दीड हाय आत्ता," ते म्हणाले, स्वतःशीच. मग उठून बागेत गेले आणि एकेका झाडाचं आळं बघत फिरू लागले. संध्याकाळी गावाकडे परतताना त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वाटेत सुमन मला म्हणाली, "एक खोटं बोलल्या असत्या तर?"

"मग तीन आठवड्यांनी दुसरं खोटं तुला बोलावं लागलं असतं."

ती म्हणाली, "लातूरची माणसं लई कडू." आणि माझ्या हातातला गोळ्यांचा रिकामा डबा तिनं घेतला.

दुसरा दिवस

त्या आठवड्यात शेतीची लाईट सकाळी सहाला यायची. आम्ही पावणेसहालाच तळ्यावर गेलो. सुमन रात्रभर झोपली नव्हती, ते तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. सहा वाजले. लांबच्या रानांत एकेक मोटर घरघरू लागली. माधवरावांचीही लागली, आणि पाइप थरथरला.

मग माधवराव मोटरीच्या खोलीतून बाहेर आले, पाण्याच्या कडेला वाकले आणि पाइप ओढू लागले. पाइपाच्या टोकाला असलेल्या झडपेला इथं फुटबॉल म्हणतात. तो पाण्यात जिथं असतो, तिथवरचंच पाणी उपसतं. त्यांनी तो तळातून वर घेतला, दोरावर हात-हात मोजत, आणि पाण्याखाली अर्ध्या परसावर आणून थांबले.

"वरचं माझ्या झाडांचं," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "खालचं तुमचं. शिमग्यापातूर. आन बाई, तेल पाठवत ऱ्हा."

दोर त्यांनी कुंपणाच्या खांबाला बांधला. मी ओढून बघितला. गाठ सरकत होती. ती सरकत राहिली असती तर आठवड्यात फुटबॉल पुन्हा तळाला गेला असता. मी ती सोडली आणि तेलाच्या डब्यांना बांधते तशी दुहेरी बांधली. पुन्हा ओढून बघितली. मग सुमनला दोनच्या आत काही टाकायचं नाही असं पुन्हा एकदा बजावलं आणि सातची जीप पकडली.